माझा घोडा समुद्र फिरून आला

आमच्या चौघांत पाण्याला सर्वांत जास्त घाबरणारा माणूस शिडाच्या होडीतून बेटं फिरून आला आणि मी, ज्याने वर्षानुवर्षं पोरांना फळ्यावर निळ्या खडूने समुद्र काढून दाखवला, तो नाशकातच राहिलो. ही गोष्ट मला अजून पचलेली नाही. पचू नये अशीच माझी इच्छा आहे. पचली तर सांगायला काय उरेल?

मी शाळेत भूगोल शिकवायचो. प्रवाळबेटं हा माझा खास धडा. बेट कसं तयार होतं, भोवती उथळ पाणी कसं हिरवं दिसतं, नारळाची झाडं वाऱ्याने कशी एका बाजूला झुकतात, हे मी असं रंगवून सांगायचो की एकदा तपासणीला आलेले साहेब शेवटच्या बाकावर बसून घंटा झाली तरी उठेनात. प्रत्यक्षात मी समुद्र पाहिला होता तो मुंबईला मावसभावाकडे गेलो तेव्हा, चौपाटीवर, भेळ खाता खाता. बेट एकही पाहिलं नव्हतं.

आणि आमचा हा मित्र. सार्वजनिक बांधकामात ओव्हरसिअर. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, आणि ह्या गंगेच्या काठी जन्मून हा कधी घोट्याच्या वर पाण्यात उतरला नाही. लहानपणी आम्ही सगळे पुलाच्या कठड्यावरून उड्या मारायचो आणि हा पायरीवर बसून आमचे कपडे राखायचा. आंघोळ करायची झाली तर पायरीवरच तांब्याने. अशा माणसाला एका बांधकाम कंपनीने नोकरी दिली आणि हिंदी महासागरात सेशेल्स नावाच्या देशात पाठवलं. आणीबाणी उठली होती, तेव्हाची ही गोष्ट. त्याला निरोप देताना मी नकाशावर तो देश दाखवला. शाईचे चार शिंतोडे उडावेत तसा दिसत होता. तो म्हणाला, "एवढाच? मग सगळीकडून पाणी असेल." मी म्हटलं, "बेट म्हणजे तेच असतं, गाढवा."

आता आमच्या बाकाची व्यवस्था सांगतो, म्हणजे माझं काय पणाला लागलं होतं ते कळेल. भद्रकालीत एक चहाचं दुकान होतं. तिथे दर रविवारी सकाळी आम्ही चौघं जमायचो. मी, हा ओव्हरसिअर, एक होमिओपॅथ डॉक्टर आणि ओझरच्या विमान कारखान्यातला एक फिटर. टेबल एकच, बाकं दोन. एक भिंतीला टेकलेलं, दुसरं रस्त्याकडे पाठ करून. भिंतीकडच्या बाकावर मधोमध जो बसेल त्याने बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, असा रिवाज कधी पडला ते आठवत नाही, पण तिथे मीच बसायचो. दुसरं कोणी बसल्याचं मला आठवत नाही. मी आलो की फिटर आपणहून सरकायचा. दुकानाचा मालक गल्ल्यावरून कान इकडे लावायचा आणि रंगलेल्या जागी गिऱ्हाइकाला थांब म्हणून हात करायचा. माणसाला आयुष्यात अजून काय लागतं? घरी माझ्या बोलण्याला कोणी थांबत नसे. बायको म्हणायची, "ऐकते, पण तांदूळ निवडताना."

दोन वर्षांनी तो रजेवर आला. मे महिना होता, मला सुट्टी. रविवारी मी दुकानात शिरलो तर भिंतीच्या जागी तो बसलेला. बरं, तो आपणहून बसला नव्हता. मालकाने बसवला होता. फडक्याने बाक पुसून. माझ्यासाठी त्याने बाक कधी पुसलं नव्हतं.

"मास्तर, या," फिटर म्हणाला, "आपला ओव्हरसिअर शिडाच्या होडीतनं फिरून आला. आठवडाभर. ह्या बेटावरनं त्या बेटावर. मित्रांबरोबर. लय मज्जा."

मी रस्त्याकडे पाठ करून बसलो. त्या बाजूने बसलं की रस्त्यावरचं काही दिसत नाही आणि मागून येणारी सायकल आपल्यालाच धडकणार असं वाटत राहतं.

"होडीतून?" मी विचारलं. "तू?"

"हो," तो म्हणाला.

"शिडाच्या?"

"हो. इंजिनपण होतं, पण ते बिघडलेलं."

मी त्याच्याकडे नीट पाहिलं. रापलेला, खांदे रुंद झालेले, अंगात फुलाफुलांचा शर्ट. त्या शर्टाचा मला जितका हेवा वाटला तितका पुढे कोणाच्या बंगल्याचा वाटला नाही. डॉक्टरला सांगितलं असतं तर त्याने हेव्यावरही साखरेच्या गोळ्या दिल्या असत्या.

"सांग की," डॉक्टर म्हणाला. "पहिल्यापासून सांग."

सगळे पुढे सरकले. मालकाने शेगडीवरचं पातेलं खाली उतरवलं. आणि आमचा मित्र, जो स्वर्ग पाहून आला होता, तो म्हणाला, "एका बेटावर बैलगाडी होती."

आम्ही थांबलो.

"बैल एकच होता," तो म्हणाला. आणि चहा प्यायला लागला.

एवढंच. मी देवाची शपथ घेऊन सांगतो, एवढंच. हिरव्या पाण्याचं नाही, नारळाचं नाही, शिडाचं नाही. सातासमुद्रापलीकडे जाऊन हा माणूस बैल मोजून आला होता. फिटर म्हणाला, "एकच? मग जू कसं लावत्यात?" आणि पुढची सगळी सकाळ त्या दोघांनी एका बैलाच्या जुवाची चर्चा करण्यात घालवली. कपबश्यांनी टेबलावर नमुना करून.

मी घरी आलो तो धुमसत. बायकोला म्हटलं, "देव बदाम देतो तो दात नसलेल्याला."

"तुमचे आहेत ना शाबूत," ती म्हणाली, "मग चावा काहीतरी."

तो सल्ला मी घेतला. दुसऱ्या दिवसापासून मी त्याला पिळायला लागलो. संध्याकाळी त्याच्या घरी जायचो, गंगेवर फिरायला न्यायचो आणि एकेक प्रश्न विचारायचो. उलटतपासणीत साक्षीदार जितकं बोलतो तितकं तो बोलायचा.

"शीड कसलं होतं?"

"कापडाचं."

"रंग?"

"पांढरा. मळका."

"होडीत कोण कोण होतं?"

"आम्ही चौघं. मी, ऑफिसातला एक मालवणचा, एक गुजराती हिशेबनीस आणि होडीचा मालक. तो तिथलाच."

"सुकाणू कोण धरायचं?"

"पाळीपाळीने."

"तू पण?"

"मी पण."

इथे मला थोडा वेळ पायरीवर बसावं लागलं. हा माणूस, ज्याने आमच्या चड्ड्या राखल्या, त्याने महासागरात सुकाणू धरलं होतं.

"वादळ झालं?"

"नाही."

"अजिबात?"

"एकदा वारा पडला होता. दुपारभर होडी हललीच नाही."

"मासे? उडणारे मासे?"

"हो. एक होडीत येऊन पडला."

"मग?"

"परत टाकला."

तर असा कच्चा माल होता. त्यातून मी आठवडाभरात जे उभं केलं ते ऐकायला तुम्ही हवे होता. पुढच्या रविवारी मी जरा लवकर गेलो आणि भिंतीकडे बसलो. तो आला, समोर बसला. आणि मी त्याची सफर सांगितली. पहाटे नांगर उचलला तिथून सुरुवात केली. शीड वाऱ्याने असं फुगलं की नवसाच्या बाईचं पोट. बेटं एकामागून एक पाण्यातून वर आली. मासा एक नव्हता, थवा होता. थेट तव्यात येऊन पडला. आणि वादळ घातलं. वादळाशिवाय समुद्राची गोष्ट म्हणजे तर्रीशिवाय मिसळ. डोलकाठी करकरली, गुजराती हिशेबनीस द्वारकाधीशाचा धावा करू लागला, मालवणच्या माणसाने शीड उतरवलं आणि आमचा ओव्हरसिअर सुकाणूला स्वतःला उपरण्याने बांधून घेऊन उभा राहिला.

"उपरणं कुठलं?" डॉक्टर म्हणाला.

"आईने दिलं होतं," मी म्हटलं.

ओव्हरसिअर डोळे मोठे करून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "चांगलं झालं होतं." जसं काही त्यालाही आत्ताच कळलं होतं.

त्या मे महिन्यात ती गोष्ट मी कुठे नाही सांगितली? वाचनालयात सांगितली, त्र्यंबकेश्वराला जाणाऱ्या एसटीत सांगितली, सासुरवाडीला घोटीला गेलो तर तिथे भाताच्या गिरणीत पोत्यांवर बसून सांगितली. परतताना बायको एसटीत म्हणाली, "एक विचारू? हल्ली तुम्ही 'आम्ही नांगर टाकला' म्हणता."

"म्हणण्याची पद्धत असते."

"बरं. तुमच्या बुशशर्टाला समुद्राचं पाणी लागलं असेल, वेगळा भिजवते."

खरं सांगायचं तर गोष्ट माझी झाली तरी जळणं कमी झालं नाही. उलट वाढलं. जितकी ती रंगायची तितकं मला वाटायचं, इतक्या सुंदर प्रवासाला मी नव्हतो आणि हा होता. माझ्याच वादळात मी नव्हतो.

मग काकूंनी मावंदं घालायचं ठरवलं.

काकू म्हणजे ओव्हरसिअरची आई. काशीयात्रा करून आलं की मावंदं घालतात. गंगेचं पाणी भरलेला गडू पुजायचा, उघडायचा, सर्वांना तीर्थ द्यायचं आणि जेवण. समुद्र ओलांडून आलेल्या मुलाचं मावंदं घातल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. पण काकूंचं म्हणणं असं की, पोरगा एवढा पाण्यातून सुखरूप आला ते काशीहून कमी आहे का? त्यांनी त्याला पत्र लिहून तिथलं पाणीही मागवून घेतलं होतं. त्यानेही आज्ञाधारकपणे, कुठल्याशा बेटाच्या किनाऱ्यावर, सरबताच्या बाटलीत भरून आणलं होतं.

गुरुजी जरा अडले. "काकू, हे खारं. आम्ही गंगोदकाची पूजा सांगतो."

काकू म्हणाल्या, "आपली गंगा शेवटी कुठे जाते?"

"समुद्राला."

"मग तीच आहे ही. पुढे जाऊन थांबलेली."

मी भूगोलाचा मास्तर. गोदावरी जाते बंगालच्या उपसागराला आणि हे पाणी पार आफ्रिकेच्या अंगाचं, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण काकूंच्या हातात पळी होती आणि चेहऱ्यावर निश्चय. शिवाय माझं लक्ष दुसरीकडे लागलं होतं. दाराशी एक माणूस चपला काढत होता. तसाच फुलाफुलांचा शर्ट. ओव्हरसिअर त्याला आत घेऊन आला आणि म्हणाला, "हा आमच्या होडीवरचा. मालवणला घरी आलाय रजेवर. मुद्दाम मावंद्याला आला."

त्या खोलीत निदान अर्ध्या लोकांनी माझ्या तोंडून वादळ ऐकलेलं होतं. आणि त्या वादळात ज्याने शीड उतरवलं तो माणूस समोर उभा राहून हसत मला नमस्कार करत होता. आता कोणीही त्याला एक प्रश्न विचारायचा अवकाश, की त्या भिंतीकडच्या बाकावर मी पुन्हा कोणत्या तोंडाने बसणार होतो?

तेवढ्यात तीर्थ आलं. काकूंनी एकेकाच्या ओंजळीत पळीपळी घातलं. गुरुजींनी सुचवलं होतं की साधं पाणी मिसळून द्या, पण काकूंच्या मते मिसळलं तर मग कसलं तीर्थ? तीर्थ थुंकता येत नाही. पहिल्यांदा डॉक्टर प्यायला. त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, फक्त डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या बाईंना वाटलं भक्तीने आलं. त्यांनी मोठा घोट घेतला. एकेक करून सगळी ओळ गिळत गेली आणि कोणी कोणाला सावध केलं नाही, कारण आपण प्यायलो तर पुढच्यानेही प्यावं, ही नाशिककरांची जुनी नीती. फिटर माझ्या कानात म्हणाला, "मास्तर, लय पवित्र हाय." डॉक्टर घसा खाकरून म्हणाला, "काकू, माझ्या चार पेशंटांना ह्याच गुळण्या सांगितल्यात. उरलं तर द्या."

फक्त तो मालवणचा माणूस शांतपणे प्यायला आणि म्हणाला, "पाणी आमचाच आसा." त्याला घरचं वाटलं असावं.

मी मनाशी ठरवलं होतं की पंगतीत त्याच्यापासून लांब, कोपऱ्यात, न्हाणीच्या दाराशी बसायचं. पण काकूंनी माझं मनगट धरून त्याच्या शेजारच्या पाटावर बसवलं. "हे आमचे मास्तर. गोष्टी फार छान सांगतात. तुमच्या वादळाची तर यांच्याच तोंडून ऐकावी." समोरच्या ओळीत डॉक्टर, फिटर आणि ओव्हरसिअर.

आमरस वाढला गेला. कुरडया आल्या. मी ताटात मान घातली. आणि फिटरने, त्याचं भलं होवो, विचारलंच.

"पाव्हणं, त्या वादळात तुमी शीड कसं उतरवलं हो? मास्तर सांगत्यात, पण तुमच्या तोंडून ऐकू द्या."

मालवणच्याने कुरडई हातातच धरली. "वादळ?"

पंगतीत तो एकच शब्द सगळ्यांना ऐकू गेला असं मला वाटलं. मी रसाकडे पाहत राहिलो. रसाला साय आलेली नव्हती, तरी मी ती शोधत होतो.

"तेव्हा तू खाली झोपला होतास," ओव्हरसिअर म्हणाला. वाटी उचलून, रस पीत पीत, कोणाकडेही न बघता. "शीड मग होडीवाल्याने उतरवलं. मास्तरांनी तुझं नाव घातलं, तुला बरं वाटावं म्हणून."

मालवणच्याने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग मान डोलावली. "असेल. मला झोप फार. एकदा नांगर टाकताना झोपलो होतो." सगळे हसले आणि वादळ निघून गेलं. मी त्या मे महिन्यातला पहिला मोकळा श्वास घेतला. आमचा ओव्हरसिअर, ज्याला बैलापलीकडे काही सांगता येत नाही, त्याने एका वाटीत मला बुडता बुडता वर काढलं होतं.

मालवणचा आता माझ्याकडे वळला. "पण मास्तर, काकू म्हणतात तुम्ही गोष्टी सांगता. ह्याच्यापुढे सांगता तुम्ही? धाडस आहे तुमचं."

"कोणापुढे?"

"ह्याच्यापुढे. तुमच्या मित्रापुढे. अहो, आठवडाभर हा बोलत होता आणि आम्ही हसत होतो. तो गुजराती तर हसून हसून एकदा पाण्यात पडला. होडीवाल्याला मराठीचं अक्षर कळत नाही, तोसुद्धा ह्याचं तोंड बघून हसायचा."

डॉक्टरने जेवण थांबवलं. फिटरने थांबवलं. ओव्हरसिअर मात्र भराभर जेवायला लागला. त्याचे कान रसाच्या रंगाचे झाले होते.

"कसल्या गोष्टी?" मी विचारलं.

"सगळ्या नाशकातल्या. ती घोड्याची तर काय सांगू. थांबा, सांगतोच. घोटीला एक लग्न होतं. नवरदेवाला घोडा मिळेना. म्हणून तांदूळ उतरवून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकातून नाशिकरोडहून एक घोडा आणला. पण तो घोडा मूळचा टांग्याचा..."

वाचकहो, ती माझी गोष्ट. माझ्या सासुरवाडीच्या लग्नातली. माझा मेव्हणा त्या घोड्यावर होता. ती मी भिंतीला टेकून इतक्यांदा सांगितली होती की दुकानाच्या मालकाला शिट्टी कुठे वाजते ते पाठ होतं. टांग्याचा घोडा, स्टेशनावर जन्म गेलेला. वरात घोटीच्या पेठेतून चालली आहे, आणि तेवढ्यात गाडीची शिट्टी होते. घोडा कान टवकारतो, वळतो आणि नवरदेवासकट, मुंडावळ्यांसकट, स्टेशनाकडे सुटतो. जाऊन टांग्यांच्या रांगेत उभा राहतो. गाडीतून उतरलेला एक गृहस्थ हातातली ट्रंक नवरदेवाकडे करून विचारतो, "पेठेत सोडता का?"

डॉक्टरने तोंड उघडलं. ही मास्तरांची आहे, एवढंच तो म्हणणार होता आणि ते खरंच होतं. ओव्हरसिअरने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. लहानपणी पुलावरून आम्ही उडी मारायचो तेव्हा तो खालून असाच पाहायचा.

"डॉक्टर, पाव्हण्यांना बोलू द्या," मी म्हटलं. "आपण कुठे ऐकलीय ही?"

फिटरने कुरडई तोंडात घातली, हसू दाबायला.

माझी गोष्ट ट्रंकवाल्यापाशी संपते. नवरदेव खाली उतरतो आणि चालत मांडवात येतो. मी हसायच्या तयारीत तोंड केलं. पण मालवणचा थांबला नाही.

"तर नवरदेव घोड्याला म्हणतो चल. घोडा हलत नाही. वऱ्हाडी ओढतात, ढकलतात. हलत नाही. मग एक हमाल म्हणतो, अहो, तो टांग्याचा आहे. सवारी बसल्याशिवाय जाणार नाही. मग काय करतात, गाडीतून उतरलेली एक म्हातारी असते, बाजाराला आलेली, डोक्यावर गाठोडं. तिला उचलून नवरदेवाच्या मागे बसवतात. घोडा लगेच चालायला लागतो. आणि वाजतगाजत वरात मांडवात येते, पुढे नवरदेव, मागे म्हातारी. नवरीची आई आरती घेऊन दाराशी. ती विचारते, ह्या कोण? म्हातारी म्हणते, मला काय विचारता, मला पुढच्या चौकात उतरायचं होतं."

पंगत कोसळली. गुरुजींना ठसका लागला. काकूंनी वाढता वाढता डाव खाली ठेवला. आणि मी हसलो नाही. मला हसता आलं नाही. ती म्हातारी माझ्या गोष्टीत नव्हती. ती असायला हवी होती. टांग्याचा घोडा सवारीशिवाय हलत नाही, हे मला इतकी वर्षं, इतक्या वेळा सांगून, सुचलं नव्हतं. आरतीचं ताट, पुढचा चौक, काही म्हणजे काही सुचलं नव्हतं. आणि ह्याला सुचलं. ह्या बैलवाल्याला.

"हे त्याने कधी सांगितलं?" मी विचारलं.

"ज्या दुपारी वारा पडला तेव्हा. होडी नुसती उभी. शीड लोंबतंय. आम्ही कंटाळलेलो. हा शिडाकडे बघून म्हणाला, हिला सवारी पाहिजे. आणि घोड्याची गोष्ट काढली." मालवणचा रस ओरपत म्हणाला, "वारा आला तेव्हा आम्ही सगळे ओरडलो, म्हातारी बसली, म्हातारी बसली."

मला सेशेल्सचा, हिरव्या पाण्याचा, फुलाफुलांच्या शर्टाचा, सुकाणूचा, कशाचाही जितका हेवा वाटला नव्हता तितका त्या क्षणी त्या म्हातारीचा वाटला. माझा मेव्हणा, माझी घोटी, माझा घोडा, सगळे महासागरात बेटाबेटांतून फिरले, लोकांना पाण्यात पाडून आले. मी इथे फळा पुसत होतो.

हात धुताना न्हाणीपाशी मी आणि ओव्हरसिअर दोघंच होतो. तांब्याने माझ्या हातावर पाणी घालता घालता तो म्हणाला, "रागावलास?"

"म्हातारी कुठून आणलीस?"

"सुचली."

"मग इथे का नाही बोलत तू? बाकावर?"

त्याने तांब्या खाली ठेवला. "तू असताना कोण बोलणार?" तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, तक्रार नव्हती. गंगेला पाणी किती आहे हे सांगावं तसं म्हणाला. मग पंचा माझ्याकडे देऊन म्हणाला, "पण वादळ छान होतं. उपरणं तर फारच."

पुढच्या रविवारी मी उशिरा गेलो. मुद्दाम. तरी भिंतीकडची मधली जागा रिकामी होती. तिघं माझी वाट पाहत होते, मालवणचा गावी परतला होता. मी बाकाला वळसा घालून आलो आणि रस्त्याकडे पाठ करून बसलो. फिटर म्हणाला, "मास्तर, बरं वाटत नाय का?"

"ह्याला तिकडे बसव," मी म्हटलं.

ओव्हरसिअर दोनदा नको म्हणाला. मग बसला. बराच वेळ कप फिरवत राहिला. मालक गल्ल्यावरून बघत होता. शेवटी ओव्हरसिअर म्हणाला, "एका बेटावर बैलगाडी होती."

मागून सायकलची घंटा वाजली. मी वळलो नाही. त्या बाजूने बसलं की सांगणाऱ्याचं तोंड फार नीट दिसतं, हे मला तेव्हा कळलं. त्याच्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी खट्याळ हललं. हा चेहरा मी लहानपणापासून पाहत होतो आणि हे कधी पाहिलं नव्हतं.

"बैल एकच होता," तो म्हणाला, आणि थांबला. आणि किती वेळ थांबायचं ते त्याला बरोबर माहीत होतं. मला ते शिकायला दहा वर्षं लागली होती.

तो जुना हेवा पुन्हा जागा झाला. डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं, फिटरने पाहिलं. मालकाने पातेलं उतरवलं. त्या दुकानात एक शब्द असा होता जो माझ्या तोंडून आजवर कधीच निघाला नव्हता.

"मग?" मी विचारलं.